संपतरावांचा अर्ज

दर्यापूरच्या तहसील कचेरीत एका कारकुनाने माझ्याजवळ एक निरोप दिला होता आणि तो मी मुद्दाम पोचवला नाही, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आबा गेले त्या दिवशी मायजवळ दिवसभर बसून होतो, तेव्हा तिलाही नाही. लोक मला अबोल म्हणतात. अबोल माणूस विचारी असतो असा एक समज आहे, आणि तो मला सोयीचा होता म्हणून मी मोडला नाही. खरं असं आहे की एक गोष्ट दाबून ठेवायची म्हटलं की तिच्या आजूबाजूच्या दहा गोष्टी दाबाव्या लागतात, आणि हळूहळू माणूस बोलायचंच सोडून देतो. आता सत्तरी जवळ आली आहे. लिहून टाकतो.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कापूस असा यायचा की पाहुणे वावरात उभे राहून बोंडं मोजत. पण त्याच जमिनीखालचं पाणी खारं. विहीर कितीही खोल न्या, पाणी लागायचं ते मचूळच. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. माय सकाळी चुलीवर डाळ चढवायची, दुपारपर्यंत खालची लाकडं जळून जायची आणि दाणा मात्र जसाच्या तसा, टणक. म्हणून आमच्याकडे एक वेगळी व्यवस्था होती. रोज सकाळी बैलगाडीवर पिंप बांधून सालदार किसना दोन कोसांवरच्या एका झिऱ्यावर जायचा आणि गोडं पाणी आणायचा. परत येताना पिंपातलं पाणी डचमळल्याचा आवाज गाडीच्या आधी घरात यायचा, आणि माय म्हणायची, "आलं वं माय, वरन आलं." त्या पाण्याचा रांजण वेगळा, त्यातला गडू वेगळा. ते पाणी वरणासाठी, पाहुण्यांसाठी आणि आबांसाठी. आम्ही मुलं खारंच प्यायचो, आणि कधी चोरून गोडं प्यालो तर ते बेचव लागायचं. ज्यांच्याकडे गाडी-बैल नव्हते त्यांच्याकडे वरण नव्हतं. भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, फार तर पीठ लावून केलेलं पातळ आलण. नाल्यापलीकडच्या वस्तीत तर लग्नातसुद्धा वरण अर्धं कच्चं असायचं आणि लोक ते न बोलता चावून खायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. पाटीलकी चार पिढ्यांची. इंग्रजी अमदानीत आजोबा तालुक्याच्या लोकल बोर्डावर होते. निवडून आलेले नव्हे, साहेबाने नेमलेले. बोर्डाच्या सभेला जाताना ते कोणता फेटा बांधत, साहेब त्यांना काय म्हणाला, हे आबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या सभेत रस्ता कुठला झाला, शाळा कुठली झाली, हे कधी विचारायचं सुचलंच नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, बोर्ड गेलं, जनपद सभा आली. आबांना तिचं काही वाटलं नाही, कारण नाव बदललं तरी सतरंजीवर बसणारी माणसं तीच होती. मग आम्ही नागपूरकडून मुंबईकडे गेलो, महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली, आणि त्याच सुमाराला वतनी पाटीलकी कायद्याने बंद झाली. गावचं दप्तर तलाठ्याकडे द्यायचं होतं. आबांनी ते स्वतःच्या हाताने बांधून गाडीत ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं काही झालं नाही. उलट नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त जेवले, आणि दर घासाला मीठ कमी आहे म्हणत राहिले.

त्यानंतर आबांसाठी एकच गोष्ट उरली होती, ग्रामपंचायतीचं सरपंचपद. पूर्वी गाव आपोआप त्यांचं होतं, आता ते हात वर करून मिळवायचं होतं. नव्या पंचायतीत नऊ जागा. चार आबांच्या माणसांच्या येणार, चार विरुद्ध गटाच्या, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. नववी जागा राखीव. ती ज्याच्या बाजूला, सरपंच त्याचा. आणि त्या राखीव जागेला संपतराव वानखडे उभे राहणार होते.

मी आज संपतराव लिहितो. तेव्हा आमच्या घरात त्यांना संपत्या म्हणत, आणि मी कॉलेजात शिकलेला म्हणून संपत म्हणायचो. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील गावकामगार महार. दवंडी द्यायची, कचेरीचं टपाल पोचवायचं, पाटील घोड्यावर निघाले की पुढे पळत वाट मोकळी करायची. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा संपतराव अर्धी वस्ती घेऊन गेले आणि परत आल्यावर त्या घरांनी ही सगळी कामं एका दिवसात सोडली. आबा तेव्हा ओसरीवर बसून म्हणाले होते, "आता सभा हाय हे गावाले कोन सांगन? कावळे?" लोक हसले होते. मीही हसलो होतो. संपतराव हंगामात दर्यापूरच्या जिनिंगमध्ये कामाला जात, एरवी मजुरी करत. लहानपणी वर्ष-दोन वर्षं शाळेत गेले होते आणि सावकाश का होईना, वाचायला शिकले होते. त्यांची मुलगी विमल शाळेत हुशार होती. तिला अमरावतीच्या वसतिगृहात घालायचं त्यांच्या मनात होतं आणि त्यासाठीचं पत्र मीच लिहून दिलं होतं. अमरावतीला मी समतेवर भाषणं करायचो. त्यातलं एक मी त्यांना गावात ऐकवलंही होतं. म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

संपतरावांना सरपंच व्हायचं नव्हतं. त्यांना विहीर पाहिजे होती. पंचायत समितीचा ओव्हरसियर येऊन गावात फिरून गेला होता आणि गोड्या पाण्याच्या दोन जागा त्याने दाखवल्या होत्या. पहिली नाल्याकाठी, सरकारी जमिनीत, बौद्ध वस्तीला लागून. तिथे पाणी गोडं आणि भरपूर लागेल असं तो म्हणाला. दुसरी आमच्या गोठ्यामागे, थोडी हलकी. विहीर एकच होणार होती आणि कुठे, ते पंचायतीने ठराव करून कळवायचं होतं. संपतराव सगळ्यांना मोकळेपणाने सांगत, "जो नाल्यावर हिर मान्य करीन त्याच्या बाजूनं माहा हात. पाटील करत असन तं पाटलाच्या बाजूनं." आबांना हेच सोसत नव्हतं. ज्याचा बाप घोड्यापुढे पळत होता तो आता अट घालत होता.

कॉलेजला सुटी होती. आबांनी मला उमेदवारीचे कोरे फॉर्म आणायला दर्यापूरला पाठवलं. कचेरीतला कारकून चष्म्यावरून बघत फॉर्म मोजून देत होता. गावाचं नाव ऐकल्यावर तो थांबला. "तुमच्या गावात बौद्धायची वस्ती हाय ना? त्यायले एवढं सांगजा बापा. राखीव जागा अनुसूचित जातीची हाय. जातीत बौद्ध लिवलं का अर्ज छाननीत बाद होते. दोन गावचे अर्ज असेच बाद होतीन म्हून साहेब बोलून राहिले. म्हना, सर्वसाधारण जागेचा फारम भरा, त्याले कोनाची मनाई नाई. त्यायची मतं हायत, येईन निवडून." मी म्हणालो, "सांगतो." त्याने राखीवचे दोन आणि सर्वसाधारणचे चार फॉर्म जास्तीचे दिले. ते माझ्या कापडी पिशवीत राहिले.

सांगायचंच होतं मला. बसमधून येताना कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. पण घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ होती. आबांनी मला हाक मारली आणि आपल्या पाटाशेजारी पाट मांडायला लावला. असं आधी कधी झालं नव्हतं. आबांच्या शेजारी किंवा समोर गावचे मानकरी बसत, मी आत मायजवळ जेवायचो. किसनाने आणलेल्या पाण्याचं घट्ट वरण, वर लसणाची फोडणी, वांग्याची भाजी. आबा म्हणाले, "काय म्हने कचेरी?" आणि मी सगळं सांगितलं. बढाई मारल्यासारखं सांगितलं, की मला आतलं कळलं आहे.

आबांनी भाकर कुस्करली. मग म्हणाले, "कारकुनाची नोकरी कारकुनानं करावी. तुले कोनी इचारलं तं सांगजो. न इचारता सांगत फिरनारा मानूस हलका दिसते."

माय चुलीपुढून म्हणाली, "अन् इचारलं तं?"

"वरन वाढ," आबा म्हणाले.

आबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. त्यांनी मला फक्त शेजारी बसवलं. वीस वर्षांच्या मला तेवढं पुरलं, हे लिहायला मला आज जड जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या ओट्यावर संपतराव आले, सोबत विमल. गुरुजींनी अर्ज लिहून द्यायला नकार दिला होता. शाळा जिल्हा परिषदेकडे गेलेली, बदलीची भीती. संपतरावांनी नवा सदरा घातला होता. मी पिशवीतून राखीव जागेचा फॉर्म काढला. नाव, वय, धंदा लिहून झाला. जातीचा रकाना आला तेव्हा मी हात थांबवला. ते म्हणाले, "लिवा ना. बौद्ध. मोठ्या अक्षरात लिवा."

"रकाना लहान आहे," मी म्हणालो.

"मंग रकान्याच्या भाईर जाऊ द्या थोडं. आमी नाल्याच्या भाईर राह्यतोच ना?" ते हसले. विमलही हसली. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. त्यांनी सही केली, वेळ लावून, एकेक अक्षर कोरून. मग फॉर्म दोन्ही हातात धरून वर धरला, फुंकर घातली आणि मला विचारलं. हे त्यांचे शब्द मला तंतोतंत आठवतात, दुसरं काही विसरलो असेन, हे नाही. "भाऊ, अजून काही लागते काय? दुसरा काही फारम-बिरम? मले कायद्यातलं समजत नाई, तुमी कालेजात शिकून राह्यले म्हून इचारतो."

म्हणजे त्यांनी विचारलं. आबांची अटसुद्धा पुरी झाली होती. चार कोरे फॉर्म माझ्या मांडीजवळच्या पिशवीत होते. मी म्हणालो, "नाही. एवढंच."

छाननीला मी आबांच्या माणसांबरोबर दर्यापूरला गेलो. राखीव जागेला दुसरा अर्ज किसनाचा होता, आमच्या सालदाराचा. तो मातंग समाजाचा. कशावर अंगठा उमटवला हे त्याला कोणी नीट समजावलंही नव्हतं. नायब तहसीलदार वयस्क आणि शांत माणूस होते. त्यांनी संपतरावांचा अर्ज वाचला, परत वाचला. "बौद्ध लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर काय आहे?"

"महार हाय साहेब. जुना दाखला."

"मग इथे तसं सांगा. हे खोडून तेवढं लिहा, बाजूला सही करा. अर्ज राहील. नाहीतर मला बाद करावा लागेल."

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. संपतरावांनी टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. मग विचारलं, "खोडलं तं पंचायतीत बसता येईन?"

"येईल."

"हिरीवर हात वर करता येईन?"

"येईल ना."

मी मागच्या बाकावर होतो. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी खोडावं. त्यांनी खोडलं असतं तर मी सुटलो असतो. त्यांनी पेन हातात घेतलाही. मग खाली ठेवला. "माह्या बापानं घोड्यामोरं पळून पळून जल्म काढला साहेब. थे नाव मी नागपुरात ठून आलो. आता पान्यासाठी आनाले जाऊ का वापस? वस्तीतल्या लेकराईले काय सांगू?" आवाज चढलेला नव्हता. "राहू द्या. खोडू नका."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, मग सर्वसाधारण जागेचा का नाही भरला? कालपर्यंत मुदत होती. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"कोन सांगन साहेब," संपतराव म्हणाले.

मी बाकावर बसून होतो. चष्मेवाला कारकून दाराशी कागद घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि मग आपल्या कागदांत मान घातली. तोही काही बोलला नाही. पाटलाच्या पोराविरुद्ध त्याने का बोलावं?

बाहेर आलो तर संपतराव मोटार स्टँडजवळच्या निंबाखाली बसले होते. मी टाळून जाणार होतो, त्यांनीच हाक मारली. "या भाऊ. तुमी काहून तोंड पाडता? तुमाले तरी काय मालूम होतं?" त्यांनी फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. अर्धी भाकर मोडून माझ्यापुढे धरली, आणि मग हात थांबवला. "चालते ना?" मी घेतली. खाल्ली. त्यांच्या घरचं मी पहिल्यांदाच खात होतो. ती भाकर मी अमरावतीच्या वसतिगृहात मिरवली. पाटलाचा मुलगा असून बौद्धाच्या हातची भाकर खाल्ली, असं मी मित्रांना सांगितलं आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर या फुशारकीची.

पुढचं झालं ते ठरल्यासारखं झालं. किसना बिनविरोध आला. पहिल्या सभेत आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने हात वर केला. पाचास चार मतांनी आबा सरपंच झाले, आणि पुढच्या सभेत पाचास चार मतांनीच विहीर आमच्या गोठ्यामागे गेली. कागदावर ती सार्वजनिक होती. पण तिच्यापर्यंतची वाट आमच्या अंगणाला घासून जायची, आणि नाल्यापलीकडच्या बायका घागरी घेऊन आल्या तर गोठ्याच्या कोपऱ्यावर थांबायच्या, कोणी ओतून देईल तोवर. कधी किसनाची बायको ओतून द्यायची, कधी कोणी द्यायचं नाही. संपतरावांच्या घरचं कोणी एकदाही आलं नाही. त्यांनी जुनंच पाणी चालू ठेवलं. आमची बैलगाडी बंद झाली. वरण रोज, दोन्ही वेळा. आबा एकदा जेवताना म्हणाले, "पोरगं शहानं निघालं." मायने माझ्या ताटात वाढलं आणि आत निघून गेली. तिला समजलं होतं असं मला वाटतं. विचारायचं धैर्य मला झालं नाही.

या पट्ट्यात मुतखड्याचं दुखणं घरोघर आहे. संपतरावांना ते विहिरीनंतर चार-पाच वर्षांनी लागलं. तोवर ते अकोल्याला राहायला गेले होते, तिथल्या एका जिनिंगमध्ये. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन ते अकोल्याच्या दवाखान्यात वारले, पन्नाशीच्या आत. पाण्यामुळेच गेले असं मी म्हणू शकत नाही. मी डॉक्टर नाही, आणि ते पाणी सगळा गाव पिढ्यान्‌पिढ्या प्यालेला आहे. पण पाण्यामुळे नाही असंही मी म्हणू शकत नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी खाटेवरून बाजूला बसलेल्या रुग्णाला माझी ओळख करून दिली, "हे आमच्या गावचे भाऊ. यायनं माह्या पोरीले अमरावतीले धाडलं." मी संत्री ठेवली आणि तब्येतीचं विचारून परत आलो. बसमध्ये बसल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पुढे कायदा बदलला. बौद्धांना आता तो रकाना अडवत नाही. आमच्या गावात त्या वस्तीतली एक बाई सरपंच होऊन गेली. नळाचं पाणी आलं, विहिरीत आता पालापाचोळा आहे. त्यामुळे वाटतं, की झालं गेलं ते आपोआप मिटलं. मला तसं वाटून घ्यायला फार आवडलं असतं.

विमलताई अकोल्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मागच्या वर्षी एका लग्नात भेटल्या. केस पांढरे, वडिलांसारखंच हसणं. त्यांनी नातवाला पुढे केलं आणि म्हणाल्या, "बाबा नेहमी सांगायचे, पाटलांच्या घरात एकच माणूस आमचा होता. पाया पड यांच्या." मुलगा वाकला. मी त्याचे खांदे धरून त्याला उठवलं, पण बोललो काहीच नाही. लोकांची गर्दी होती, जेवणाच्या पंगती उठत होत्या, हे सगळं खरं. पण ती कारणं नव्हती.

विमलताईंचा पत्ता माझ्याजवळ आहे. अकोल्याला जायला इथून बसने अडीच तास लागतात. तिथे जाऊन त्यांच्यासमोर बसून मला एवढंच सांगायचं आहे, की सर्वसाधारण जागेचा अर्ज भरा हा निरोप तुमच्या वडिलांसाठी माझ्याजवळ आला होता, कोरे फॉर्म माझ्या पिशवीत होते, त्यांनी मला विचारलं आणि मी जाणूनबुजून नाही म्हणालो. हे मी संपतरावांचं देणं लागतो, आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलीचं. अजून मी गेलेलो नाही.